लालासाहेबांनी पसंत केलेलं अक्षर

लालासाहेब डुबल सुभेदार होऊन गावी परत आले, तेव्हा पलटण तिकडंच ठेवून आले असतील, असं त्यांच्या बायकोला वाटलं होतं. लीलाबाईंची ही समजूत आठवडाभरही टिकली नाही. दारातल्या चपला रांगेत लागल्या, म्हशींची दावी एका मापाची झाली, आणि ताटात भाजी कुठल्या बाजूला असावी याचाही हुकूम निघाला. लीलाबाईंनी भाजी आधी वाढायच्या तिथंच वाढली, हा भाग वेगळा.

उंब्रजच्या अलीकडं हायवे सोडून नदीकडं उतरलं की पिंपळखोरी लागते. तिथली दूध संस्था हे लालासाहेबांचं दुसरं लग्न. चेअरमन झाले आणि संस्थेचं घड्याळ बरोबर चालायला लागलं, कॅन लखलखायला लागले, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचं दूध वेळेवर यायला लागलं. माणूस सरळ. इतका सरळ, की वाटेत कुणी उभं असेल तर वळसा घालणं माहीत नाही, धडकायचंच.

असेच ते एकदा कोंडीबा शेवाळेला धडकले. कोंडीबा काही परका नव्हता. लहानपणी दोघं एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नदीत उतरायचे. भरतीला दोघं बरोबर गेले. कोंडीबाची छाती मापात बसली नाही म्हणून त्याला परत पाठवलं, तर हा गडी रडला नाही की रुसला नाही. उलट लालासाहेबांची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत पोचवायला गेला. अशा माणसाच्या दुधाला एका सकाळी डिग्री लागली नाही. दुधात पाणी आहे असं यंत्र म्हणालं, आणि यंत्र म्हणालं ते लालासाहेबांनी जसंच्या तसं, भर रांगेत, परेडच्या आवाजात सांगितलं. कोंडीबानं किटली संस्थेच्या पायरीवर पालथी केली. पुढं म्हशी विकल्या आणि माण तालुक्यात, दहिवडीला, लेकीकडं राहायला गेला तो गेलाच.

त्याचं नाव मात्र सभासदांत राहिलं. दर वर्षी वार्षिक सभेची नोटीस त्याला जायची, आणि त्या एका नोटिशीवरचा पत्ता लालासाहेब स्वतः घालायचे. कोंडीबा येत नसे. एकदा तिकडून आलेल्या मेंढरवाल्याबरोबर त्यानं निरोप तेवढा धाडला, "त्येच्या सभेला कुत्रं तरी येतं का, इचारा."

हे खोटं म्हणावं तर सभेला खरंच कुणी येत नसे. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं आणि मग आहेत त्यांच्यात ठराव उरकायचे, ही रीतच पडली होती. आता लालासाहेबांची चेअरमनकीची शेवटची वर्षसभा होती. पटांगण भरावं आणि पुढच्या सतरंजीवर कोंडीबा बसलेला दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. लीलाबाईंना ती ठाऊक होती, पण त्यांना सगळंच ठाऊक असे.

त्याच वर्षी, सत्त्याण्णव साली, संस्थेनं कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला गावातलीच रेश्मा, कराडला कोर्स करून आलेली. मशीन बसवायला सांगलीचा अनीश आला. शर्ट खोचलेला, बोलणं गोड, सगळ्यांना 'साहेब' म्हणायचा. त्यानं संचालक मंडळापुढं कोरं पान उघडून दाखवलं.

"काही न सांगता मशीन जे अक्षर काढतं ना साहेब, त्याला डिफॉल्ट म्हणतात. सध्या कंपनीचं आहे. तुम्ही सांगाल ते मी बसवून देतो. मग रोज निवडायला नको."

"म्हंजी अक्षराची कायम नेमणूक," लालासाहेब म्हणाले.

"हो, तसंच म्हणा."

"मग मुलाखत घेतल्याबिगर न्हाई."

अनीशला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण मुलाखत झाली. 'दूध स्वच्छ भांड्यात आणावे' हे एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत छापून कागद भिंतीवर टाचले. लालासाहेब हात पाठीमागं बांधून पाहणीला निघाले, मागून उपाध्यक्ष सयाजी आणि बाकीचे संचालक.

पहिल्या कागदापुढं ते थांबले. "ह्येला कुनी जेवाय घालत न्हाई का?"

दुसरं अक्षर वळणावळणाचं होतं. "ह्ये वरातीत नाचाय निघालंय. ह्यात नोटीस काढली तर लोक आहेर घिऊन येतील."

तिसरं जरा कललेलं होतं. "ह्ये पिऊन आलंय," म्हणून ते पुढं सरकले.

शेवटच्या कागदापाशी मात्र सुभेदारांच्या टाचा आपोआप जुळल्या. काळंभोर, जाड, डोक्यावरची रेघ आखल्यासारखी सरळ. ना वेलांटीला नखरा, ना मात्रेला लचका.

"ह्येला म्हंत्यात अक्षर," ते म्हणाले. "सावधानमदी उभं हाय."

सयाजी खोकला. एक संचालक पंख्याकडं बघायला लागले. कारण ते अक्षर त्या खोलीत सुभेदार आणि सांगलीकर सोडून बाकी सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

त्याचं असं होतं. हायवेवरच्या छापखान्यानं दोन-एक वर्षांपूर्वीच कॉम्प्युटर घेतला होता, आणि आसपासच्या सगळ्या गावांची कार्डं तिथंच निघत. मर्तिकाला वापरलेलं अक्षर कुठला वरबाप लग्नपत्रिकेवर चालवून घेईल? म्हणून छापखानेवाल्यानं एक अक्षर दिवसकार्याच्या कार्डांसाठी बाजूलाच काढलं होतं. ते हेच. आता हे अक्षर इतकं अंगवळणी पडलं होतं, की लिहितावाचता न येणारी म्हातारीही लांबूनच ते ओळखायची, उंबऱ्याबाहेरच कार्ड फाडायची आणि पाय धुऊन घरात यायची. मर्तिकाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. लालासाहेबांच्या घरी हे काम लीलाबाई करत. 'अमका गेला, अमक्या दिवशी जायचं हाय,' एवढं त्या तोंडी सांगत. त्यामुळं गावातल्या प्रत्येक दिवसकार्याला वेळेवर हजर राहणाऱ्या या माणसानं असलं कार्ड डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग कुणी सांगितलं का नाही? सांगायचं कसं, हाच तर पेच होता. समोर धडधाकट माणूस उभा, तोंडावर हसू मावत नाही, आणि त्याला म्हणायचं, हे मढ्याचं अक्षर आहे? भरल्या सभेत असलं अशुभ कोण बोलणार? सयाजीनं रेश्माकडं बघितलं. तरणी पोर आहे, बोलून जाईल, असा त्याचा हिशेब.

"आबा," रेश्मा म्हणाली, "ह्ये अक्षर..."

"काय?"

रेश्मानं संचालकांकडं बघितलं. सगळे आपापल्या नखांकडं बघत होते.

"...लय ठळक हाय," ती म्हणाली.

"ठळकच पायजे! मंजूर?"

"मंजूर, मंजूर," मंडळ म्हणालं. अनीशनं दोन कळा दाबल्या आणि अक्षराला कायम नेमणूक मिळाली.

पहिलंच काम वार्षिक सभेच्या नोटिसांचं निघालं. नेहमीच्या लिफाफ्यात लोक नोटीस उघडूनसुद्धा बघत नाहीत म्हणून यंदा उघडी कार्डं काढायची, असा लालासाहेबांचा हुकूम. चेअरमनचं नाव वर आणि मोठं, हाही त्यांचाच. आता एवढं जाड अक्षर कार्डाच्या रुंदीत मावणार कसं? 'श्री. लालासाहेब यशवंत डुबल यांच्या' इथंच पहिली ओळ संपली. 'अध्यक्षतेखाली' खाली बारीक अक्षरात गेलं. पुढं तारीख, 'सकाळी ठीक ९ वाजता', आणि ठिकाण 'नदीकाठचे भैरोबा मंदिर, घाटाजवळ'. शेवटी 'अगत्य उपस्थित राहावे, ही विनंती'. रेश्मानं पहिलं कार्ड मशीनमधून ओढलं आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. लालासाहेबांना वाटलं, पोरीला आनंद झाला.

कोंडीबाच्या कार्डावर त्यांनी नेहमीप्रमाणं स्वतः पत्ता घातला. मागच्या बाजूला 'या वर्षी नक्की ये' असं लिहावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण शाई वाळेपर्यंत तो विचारही वाळला. कार्ड तसंच पेटीत पडलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी लालासाहेब अंगणात आरशापुढं बसून दाढी करत होते. तोंडाला साबणाचा फेस. तेवढ्यात वळणावरूनच गळा काढलेला ऐकू आला. वरच्या वस्तीवरची रंगुबाई, बरोबर दोन सुना.

"लीले, कसं गं झालं! सोन्यासारखा मानूस गं! आवंदाच माज्या म्हशीला अनुदान..."

लीलाबाई कपाळावर कुंकू, हातात शेणाची पाटी अशा गोठ्यातून बाहेर आल्या. त्यांना बघून रंगुबाईचा सूर तुटला. मग तिनं आरशाकडं बघितलं, आणि फेसानं पांढराफटक झालेला लालासाहेबांचा चेहरा तिच्याकडं वळला.

"आगं बया!" म्हणून रंगुबाई मटकन खाली बसली. सुना तिच्याहून पलीकडं पोचल्या होत्या, पार रस्त्यावर.

पाणी पाजल्यावर रंगुबाईनं हकिगत सांगितली. कार्ड आलं म्हणून आले, म्हणाली.

"कसलं कार्ड? कुटं हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"फाडलं की. मर्तिकाचं कार्ड कुनी घरात ठिवतं व्हय?"

रेश्माला बोलावणं गेलं. ती शिल्लक राहिलेलं एक कार्ड घेऊन आली. लीलाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कार्ड हातात पडताच त्यांचे हात सवयीनं ते फाडायलाच उठले. मग त्या थबकल्या, नवऱ्याकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबून गोठ्यात निघून गेल्या. आतून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता.

लालासाहेबांनी अर्धी दाढी तशीच ठेवून मंडळ बोलावलं.

"तुमा समद्यांस्नी म्हाईत व्हतं?"

"व्हतं," सयाजी म्हणाला. "पर सुभेदार, जित्या मानसाला तोंडावर कसं सांगायचं? जीभ झडंल की."

"आता?"

दुसरी कार्डं पोचायला वेळ उरला नव्हता. रिक्षाला भोंगा लावून वाडीवस्तीवर फिरवावी, असं सयाजीनं सुचवलं.

"आन् भोंग्यावर काय सांगायचं? चेअरमन जित्ता हाय?"

"तसंच कायतरी..."

"गप बस!"

वाड्यावस्त्यांचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. सभेला आले की बघतील डोळ्यांनी. पण दहिवडीचं कार्ड त्यांच्या घशात अडकलं होतं. दुपारी जेवायला बसल्यावर घास हातात धरून ते म्हणाले, "कोंड्याला पोचलं असंल."

"असंल."

"पेढं वाटलं असत्याल त्येनं."

लीलाबाईंनी भाजीचं पातेलं खाली आदळलं. "तुमाला मानसं कवा कळलीच न्हाईत. दुधाची डिग्री तेवढी कळती."

लालासाहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. भाजी भलत्या बाजूला होती, ते त्यांनी बघितलंही नाही.

सभेच्या दिवशी नऊलाच पटांगण भरलं. संस्था निघाल्यापासून एवढी माणसं कुणी बघितली नव्हती. लांबच्या वस्तीवरची माणसं पांढरी धोतरं-पटके घालून, तोंडं पाडून आली. गावातली मंडळी या लांबच्यांची तोंडं बघायला आली. लालासाहेब मंडपाच्या दारातच उभे राहिले, म्हणजे येणाऱ्याचा संशय दारातच फिटावा. तरीही एक-दोघं त्यांना रामराम घालून, "बिचारं लय चांगलं व्हतं," असं म्हणून पुढं गेले आणि चार पावलांवर जाऊन गचकन थांबले. दुखवट्याला जायचं तर मुलासाठी टोपी-टॉवेल न्यायची रीत. लोकांनी ते आणले होते, आणि आणलेलं परत कसं न्यायचं म्हणून जो तो ते सुभेदारांच्या मुलाच्या, जयराजच्या, हातावर ठेवत होता. जयराज हनुवटीपर्यंत टॉवेल घेऊन उभा होता आणि हसावं की कसं हे त्याला कळत नव्हतं.

कोरमची चिंता मिटली होती. पण लालासाहेब रस्त्याकडं बघत होते. दहिवडीकडून येणाऱ्याला गाडी बदलून यायला जेवढा उशीर होईल तेवढा होऊन गेला. पुढच्या सतरंजीवरची जागा त्यांनी जयराजची पिशवी ठेवून अडवली होती. जागा रिकामीच होती.

"सुरू करूया का?" सयाजीनं विचारलं.

"करा," लालासाहेब म्हणाले. आवाज परेडचा नव्हता.

तेवढ्यात पाय धुवायला खाली गेलेली रंगुबाई पदर सावरत वर आली. "आवं सुभेदार, घाटावर एक म्हातारा बसलाय. मगापासनं. भटजी कुटं हाय म्हनून इचारतोय."

लालासाहेब चपला न घालताच निघाले. चपला रांगेतून सुटून एक इकडं, एक तिकडं पडली.

घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून कोंडीबा बसला होता. वाळला होता बराच. मांडीवर कोरी टोपी आणि घडी घातलेला टॉवेल. तो नदीकडं बघत होता. लालासाहेब दोन पायऱ्या वर थांबले. पायरीवर किटली पालथी झाली त्या दिवसापासून आज पहिल्यांदा ते त्याला इतक्या जवळून बघत होते. त्यांचा हात सलामीला उठला आणि अर्ध्यातच थांबला. हे पलटणीत कधी झालं नव्हतं, त्यामुळं काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं.

पावलं ऐकून कोंडीबा न वळताच म्हणाला, "अजून कुनीच कसं आलं न्हाई?"

"आल्यात समदी. वर बसल्यात."

कोंडीबा वळला. बघतच राहिला. मग उभा राहिला, पाय घसरला, सावरला.

"मेला न्हाईस व्हय रं तू?"

"न्हाई."

"मग कार्ड कशापायी धाडलंस?"

"सभेचं व्हतं त्ये. अक्षर चुकलं."

"अक्षर चुकलं!" कोंडीबा ओरडला. "लाल्या, फाटंपासनं दोन येष्ट्या बदलून आलोय मी! गाडीत रडत आलो! शेजारच्या बाईनं मला पानी दिलं, तिला म्हनलो, माजा भाऊ गेला!" त्यानं टॉवेल उचलला आणि लालासाहेबांच्या खांद्यावर सटकन मारला. मग आणखी एकदा. सुभेदार सावधानमध्ये उभे राहून मार खात होते.

दम लागल्यावर कोंडीबा पायरीवर बसला. लालासाहेब शेजारी बसले.

"पानी न्हवतं त्या दुधात," कोंडीबा म्हणाला.

"व्हतं."

"न्हवतं!"

"असंल नसंल," लालासाहेब म्हणाले. एवढे दोन शब्द काढणं त्यांना सगळ्या नोकरीत कधी जमलं नव्हतं. "पर मी त्ये तुला बाजूला घिऊन सांगाय पायजे व्हतं. रांगेत न्हवं. चुकलं माजं, कोंड्या."

कोंडीबानं नाक टॉवेलाला पुसलं. तोच टॉवेल मग लालासाहेबांच्या गळ्यात अडकवला, टोपी डोक्यावर ठेवली आणि जरा दाबून बसवली.

"आनलीया तर घाल," तो म्हणाला. "पैसं पडल्यात."

दोघं वर आले तेव्हा पटांगणातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या. चेअरमनच्या डोक्यावर स्वतःच्याच दुखवट्याची टोपी होती. कोंडीबा पुढच्या सतरंजीवर पिशवी बाजूला सारून बसला.

विषय वाचून झाले. ऐनवेळच्या विषयात सयाजी उठला. कॉम्प्युटरचं कायमचं अक्षर बदलण्यात यावं, असं त्यानं मांडलं. लोकांनी माना डोलावल्या.

"कुनाचा इरोध?" लालासाहेबांनी विचारलं.

"माजा हाय," कोंडीबा म्हणाला. "कशाला बदलायचं? गेल्या सालच्या सभेला किती मानसं व्हती, आन् आज किती हायती? बगा की! बदलायचं तर त्या छापखान्यानं बदलावं."

हशा उसळला आणि हात वर झाले. अक्षराची नेमणूक कायम राहिली. छापखानेवाल्यानं पुढं मर्तिकासाठी दुसरं अक्षर धरलं, पण डोळ्यांची सवय काही ठरावानं बदलत नाही. संस्थेचं साधं बिल आलं तरी वस्तीवरच्या बायका अजून पाय धुऊनच घरात शिरत.

चेअरमन मग सयाजी झाला. पुढच्या वर्षी सभेच्या नोटिसा निघाल्या तेव्हा लालासाहेब संस्थेत आले, दहिवडीचं एक कार्ड मागून घेतलं आणि पत्ता स्वतः घातला. या खेपेला मागं लिहिलंही, 'फाडू नको. पूर्ण वाच.'

दहिवडीला पोस्टमननं ते कोंडीबाच्या लेकीच्या, मनुबाईच्या, हातात दिलं. तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून ते काळंभोर अक्षर बघितलं, कार्डाचे दोन तुकडे केले, नालीत टाकले आणि पाय धुऊन आत आली.

"आबा," ती म्हणाली, "तुमचं लालासाहेब पुन्यांदा गेलं."

कोंडीबा बाजेवरून उठला.

"माजी कापडं काड," तो म्हणाला. "टोपी नगं. गेल्या टायमाची हाय त्येच्याकडं."